इतिहास शिकणाऱ्या मुलींना साधनं कुठे मिळणार?

यवतमाळ जिल्ह्यात मुलीने बी.ए.ला इतिहास घेतला तर घरात कुणी कारण विचारत नाही. प्रयोगशाळेचा खर्च नाही, शिकवणी नाही, वेचणीच्या दिवसांत पंधरा दिवस कॉलेज बुडालं तरी गाइडवर पेपर निघतो. लग्न जुळेपर्यंत एम.ए. झालं तरी कुणाची हरकत नसते. हरकत सुरू होते ती त्यानंतर. मला संशोधन करायचं आहे, त्यासाठी नागपूरला जाऊन जुने कागद बघायचे आहेत, असं मुलगी म्हणाली की घर आणि कॉलेज दोन्ही एकदम जागे होतात. ‘तुझ्या विषयाला साधनंच नाहीत,’ असं कॉलेज सांगतं. ‘पोरगी नागपूरले गेली त राहीन कुठी?’ असं आई विचारते. या दोन वाक्यांत आमच्याकडच्या किती मुलींचं संशोधन संपलं, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. एम.एस.डब्ल्यू. करून गेली काही वर्षं या जिल्ह्यातल्या एकल बायकांबरोबर काम करते. त्यात नवऱ्याने आत्महत्या केलेल्या शेतकरी बाया आहेत, टाकलेल्या आहेत, पोडावरच्या कोलाम बाया आहेत. इतिहास घेऊन एम.ए. करणाऱ्या मुली मला भेटतात त्या बहुतेक यांच्याच लेकी. हा प्रश्न विद्यापीठाचा, प्राध्यापकांचा आहे, चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, असं काही मैत्रिणींना वाटतं. मला तसं वाटत नाही. रेशनकार्ड, सातबारा, पोटगी यांच्याइतकाच हा आपला प्रश्न आहे, आणि तो का, ते मला इथे मांडायचं आहे.

आधी ‘साधनं नाहीत’ या उत्तराकडे बघू.

एका मुलीला आपल्या तालुक्यातल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये काम करणाऱ्या बायकांवर लघुप्रबंध लिहायचा होता. काळ साधारण १९०० ते १९५०. तिची पणजी जिनात जायची, एवढंच तिला घरातून ठाऊक होतं. मार्गदर्शक म्हणाले, विषय बदल, लोकनायक बापूजी अणे घे, सगळं साहित्य तयार मिळेल. बापूजी अणे हे आमच्या वणीचे, मोठे पुढारी. १० जुलै १९३० ला पुसदला जंगल सत्याग्रहात त्यांना अटक झाली. त्यांच्यावर लिहू नये असं कुणीच म्हणणार नाही. पण त्या सत्याग्रहात सरकारी राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला गेला. मला एवढंच विचारायचं आहे की, रोज उठून गवत कापायला रानात जाणं हे या जिल्ह्यात कुणाचं काम होतं? ज्यांच्या विळ्याला त्या कायद्याने बंदी केली, त्या बाया या इतिहासात कुठे आहेत? हा प्रश्न विचारला की पुन्हा तेच उत्तर मिळतं, साधनं नाहीत.

साधनं आहेत. इंग्रज सरकार दर वर्षी कारखान्यांचा अहवाल काढत असे आणि त्यात कामगार मोजताना पुरुष, बाया आणि पोरं वेगवेगळी मोजलेली असत. जनगणनेच्या खंडांत धंद्यानुसार बायका-पुरुषांचे वेगळे आकडे आहेत. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात सरकारी कामं निघाली, त्यांचे अहवाल आहेत. यवतमाळात अमेरिकेतून आलेलं फ्री मेथॉडिस्ट मिशन होतं. त्याच्या मिशनरी बायकांनी आपल्या देशात पाठवलेली पत्रं आणि अहवाल आहेत. त्यांची नजर धर्मप्रसाराची होती हे ध्यानात ठेवून वाचलं, तरी शाळेतल्या, अनाथालयातल्या मुलींची हकीकत त्यांच्याइतक्या जवळून दुसरं कोण लिहून ठेवणार होतं? तेव्हा ‘साधनं नाहीत’ याचा खरा अर्थ ‘या विषयाची साधनं कुठे असतात हे आम्ही कधी पाहिलं नाही’ असा होतो. आणि ते सांगण्याचं धाडस फार थोड्या मार्गदर्शकांत असतं.

एक गोष्ट मात्र खरी. यवतमाळचे कागद एका जागी नाहीत. याचं कारण आमच्या जिल्ह्याच्या नशिबी आलेली राज्यं. वऱ्हाड निजामाचं. १८५३ मध्ये ते इंग्रजांच्या ताब्यात गेलं, पण कारभार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत चालला. १९०२ मध्ये कायमचा पट्टा झाला आणि १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं. १९५६ पर्यंत राजधानी नागपूर. मग मुंबई राज्य, मग १९६० ला महाराष्ट्र. म्हणजे आपल्याच गावाचा कागद कधी हैदराबादेत, कधी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, कधी नागपुरात, कधी मुंबईत. शिवाय जिल्ह्याचं नावही बदललेलं. १९०५ पर्यंत हा वणी जिल्हा होता, इंग्रजी कागदांत ‘वून’. पुसद तालुका तोपर्यंत वाशीम जिल्ह्यात. पुढे इंग्रजीत जिल्हा झाला तो ‘येवतमाळ’. एखादी मुलगी सूचीत ‘यवतमाळ’ शोधत बसली तर तिला काहीच सापडणार नाही आणि साधनं नाहीत यावर तिचाही विश्वास बसेल. एवढी साधी गोष्ट तिला पहिल्याच वर्षी कुणी सांगितली तर तिचे महिने वाचतील. मला ती एका निवृत्त शिक्षिकेने सांगितली, कुठल्याही अभ्यासक्रमात ती मला दिसली नाही.

आता कागद ठेवतात कोण ते पाहू. महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेख संचालनालय आहे. त्याचं मुख्य दफ्तर मुंबईत, फोर्टातल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. मुंबई सरकारचं हे दफ्तर १८२१ पासूनचं. पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे त्याची कार्यालयं आहेत. आमच्या कामाचं म्हणजे नागपूर, कारण मध्य प्रांत-वऱ्हाडचं बरंचसं दफ्तर तिथे आहे. नागपुरातच १९३४ पासूनचं विदर्भ संशोधन मंडळ आहे, १९२३ पासूनचा विदर्भ साहित्य संघ आहे. पुण्यात राजवाड्यांनी १९१० मध्ये स्थापलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. आणि यवतमाळकरांनी विसरू नये अशी गोष्ट म्हणजे खुद्द यवतमाळात य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रम ही संशोधन संस्था उभी केली होती आणि महानुभावांच्या पोथ्यांवर मोठं काम केलं होतं. सकळ लिपीत लिहिलेल्या, मठांतून बाहेर न येणाऱ्या त्या पोथ्या. महदंबेचे धवळे आपल्यापर्यंत आले ते अशा पोथ्यांतूनच. मराठीतली पहिली कवयित्री शेकडो वर्षं गुप्त लिपीत बंद होती आणि ती उलगडण्याच्या कामात आमच्यासारख्या आडबाजूच्या जिल्ह्याचा वाटा होता. मोठ्या शहरातच संशोधन होतं हे त्यामुळे मला कुणी पटवून देऊ नये.

वऱ्हाडातलंच दुसरं उदाहरण सगळ्याजणींना माहीत आहे, पण त्यातली मला महत्त्वाची वाटणारी बाजू वेगळी आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ मध्ये पुण्यात छापलं गेलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येच्या आरोपावरून १८८१ मध्ये शिक्षा झाली, त्यावर वर्तमानपत्रांनी समस्त बायकांवर तोंडसुख घेतलं, त्या संतापातून ताराबाईंनी ते लिहिलं. जोतीरावांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. त्यानंतर पुस्तक गडप. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं तेव्हा नव्वदहून अधिक वर्षं लोटली होती. पुढे रोझालिंड ओ’हॅनलन यांनी १९९४ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि जगभरच्या अभ्यासक्रमांत ताराबाई गेल्या. आपण आज त्यांना आद्य स्त्रीवादी म्हणून शिबिरांत सांगतो. पण कुठल्यातरी ग्रंथालयात एक प्रत तग धरून राहिली नसती, ती रद्दीत गेली असती, तर? मुक्ता साळवेचा निबंधही आपल्याला मिळाला तो १८५५ च्या ‘ज्ञानोदय’चे अंक कुणीतरी बांधून ठेवले म्हणून. आपली पूर्वज बाई आपल्याला सापडते की नाही, हे तिच्या तेजावर ठरत नाही. तिचा कागद कुणी जपला आणि तो कुणाला बघायला मिळाला, यावर ते ठरतं.

ज्या बायकांचा कागदच झाला नाही त्यांचं काय? त्यासाठी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं काम प्रत्येक इतिहासाच्या विद्यार्थिनीने पाहावं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचा इतिहास लिहायचा म्हणून या दोघी गावोगाव, घरोघर फिरल्या, म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्यांना शोधून काढलं, त्यांचं बोलणं टिपलं, जुन्या वर्तमानपत्रांशी ताडून पाहिलं. ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये निघालं, तेही ‘स्त्री उवाच’ या बायकांच्या गटाच्या प्रकाशनाकडून. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिला परिषद झाली. तिच्या अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे अमरावतीच्या, म्हणजे आमच्या शेजारच्या. घटस्फोटाचा हक्क हवा, एकाहून अधिक बायका करण्याला बंदी हवी, कामगार बायकांना रजा हवी, असे ठराव तिथे झाले. १९४२ म्हटलं की आपल्याला फक्त ऑगस्ट आठवतो. जुलै आठवावा यासाठी दोन बायकांना पायपीट करावी लागली.

हे काम आमच्याकडे आज करण्यासारखं आहे आणि वेळ थोडा आहे. १९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. त्याला गेलेल्या विदर्भातल्या बाया आज सत्तरी-ऐंशीत आहेत. पुढच्या ‘लक्ष्मी मुक्ती’त ज्यांच्या नावे नवऱ्याने जमीन केली त्या आहेत, आणि सभेत नावे करून नंतर तलाठ्याकडे फेरफार नोंदवलाच नाही अशाही आहेत. त्यांना विचारायला गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘आमचा कायचा इतिहास वो माय, आमी त कापूस येचत राह्यलो.’ आणि मग दोन तास बोलतात. रेडिओला गाणी लावतात तशी सनावळी त्यांना पाठ नसते, पण कुठल्या साली वेचणीचा भाव किती होता आणि कोणत्या लेकराच्या वेळी मोर्चाला गेले होते, ते चोख सांगतात. पिकाच्या आणि बाळंतपणाच्या हिशोबाने काळ लावायचं कौशल्य इतिहासाच्या विद्यार्थिनीला शिकावं लागेल. ते शिकवायला कॉलेजात कुणी नसेल तर आपल्या गटातल्या कार्यकर्त्या आहेत. मुलाखत घेणं, ऐकणं, न दुखावता विचारणं हे आपलं रोजचं काम आहे.

पुण्या-मुंबईत स्त्री-चळवळीने स्वतःच्या संस्थाही उभ्या केल्या. एस.एन.डी.टी. विद्यापीठात नीरा देसाईंच्या पुढाकाराने १९७४ मध्ये स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू झालं. १९८८ मध्ये ‘स्पॅरो’ हा बायकांच्या आवाजांचा, चित्रांचा, मुलाखतींचा संग्रह मुंबईत सुरू झाला. पुण्यात ‘आलोचना’ आणि विद्यापीठातलं स्त्री-अभ्यास केंद्र आहे. या सगळ्यांनी मोलाचं काम केलं. तरी एक तक्रार मी करणारच. बलात्कारविरोधी चळवळ ज्या मथुरा खटल्यातून उभी राहिली तो देसाईगंजचा, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातला. घटना १९७२ ची, सत्र न्यायालय चंद्रपूरचं, उच्च न्यायालय नागपूर खंडपीठ. पण त्या चळवळीवर अभ्यास करायचा तर आमच्या मुलीला मुंबई-दिल्लीची वाट धरावी लागते. घडतं इथे, कागद जमा होतात तिथे. शेतकरी आत्महत्यांचंही तेच. आमच्या जिल्ह्यावर इतक्या जणांनी लिहिलं, इतक्यांनी बायकांच्या मुलाखती घेतल्या. त्या अहवालाची एक प्रत जिच्या घरी बसून चहा प्यायले तिला, निदान गावच्या वाचनालयाला, पाठवणारे फार थोडे.

आता परिषदांविषयी. इंडियन हिस्टरी काँग्रेस १९३५ मध्ये पुण्यात, भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पुढाकाराने सुरू झाली. देशातली ही इतिहासकारांची सर्वांत मोठी संघटना. आपल्या राज्यात अखिल महाराष्ट्र इतिहास परिषद आहे. १९८१ मध्ये मुंबईत पहिली राष्ट्रीय स्त्री-अभ्यास परिषद भरली, तिच्यातून १९८२ मध्ये भारतीय स्त्री-अभ्यास संघटना झाली. विद्यार्थिनीने सभासद व्हावं, अधिवेशनाला जावं, आपला निबंध वाचावा. आपल्या विषयावर दुसऱ्या जिल्ह्यात कोण काम करतं ते तिथेच कळतं, मार्गदर्शक सोडून दुसऱ्या कुणाकडून बरं-वाईट ऐकायला मिळतं. एकटीच्या विषयाला सोबत मिळते. ही सोबत फार मोठी असते.

पण जाऊन आलेल्या मुली काय सांगतात? इतिहासाच्या परिषदेत बायकांवरचे निबंध एका सत्रात गोळा करतात, ते सत्र जेवणानंतर ठेवतात, प्रत्येकीला पाच-सात मिनिटं. समोर बसलेल्याही निबंध वाचणाऱ्याच. नोकरीत गुण मोजायची पद्धत आल्यापासून प्रमाणपत्रासाठी निबंध आणि पैसे भरून छापणाऱ्या मासिकांचा बाजार झाला. ज्या मुलीने तीन महिने म्हाताऱ्या बायकांशी बोलून लिहिलं आणि जिने आदल्या रात्री इकडून-तिकडून उतरवलं, दोघींच्या हाती एकच कागद येतो. स्त्री-अभ्यासाच्या परिषदेत चर्चा खोल असते, पण ती इंग्रजीत. आमची मुलगी मागच्या खुर्चीवर बसून मान हलवते. मराठीत बोलू शकणारी अध्यक्ष असली तरी मराठीत बोलायचं तिला सुचत नाही. परिषदांना माझं मागणं साधं आहे. मराठी निबंधांना बरोबरीचं सत्र द्या, ग्रामीण कॉलेजातल्या विद्यार्थिनीला प्रवासखर्च आणि राहण्याची सोय द्या, लेकरू असलेल्या बाईसाठी पाळण्याची व्यवस्था करा, आणि अधिवेशनाच्या जागी लैंगिक छळाची तक्रार कुणाकडे करायची तिचं नाव दारावर लावा. २०१३ चा कायदा झाला, त्यात विद्यार्थिनीही येते. तरी मार्गदर्शकाच्या सहीवर जिचं सगळं शिक्षण टांगलेलं आहे ती सहसा बोलत नाही. घरची कामं करून घेणारे मार्गदर्शक आमच्या मुलींनी पाहिले आहेत, त्याहून वाईटही.

पैशाची गोष्ट. भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेची शिष्यवृत्ती आहे. बार्टी, सारथी, नागपूरची महाज्योती, आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था यांच्या शिष्यवृत्त्या आपापल्या समाजगटांसाठी आहेत. त्यांचा मुलींना आधार झाला, आणि वेळेवर मिळाव्यात म्हणून त्यांना रस्त्यावर बसावंही लागलं. पण या बहुतेक पीएच.डी.ला नाव नोंदवल्यानंतरच्या. खरी अडचण त्याआधीची आहे. एम.ए. करणाऱ्या मुलीने चार दिवस नागपूरला जाऊन कागद पाहिले, तरच तिला पीएच.डी.चा विषय सुचेल. त्या चार दिवसांना कुणीच पैसे देत नाही. यवतमाळ-नागपूर दीडशे किलोमीटर. २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जाणं-येणं जमतं. राहणं जमत नाही. एकट्या मुलीला लॉजवाला खोली देत नाही, महिला वसतिगृह चार दिवसांसाठी घेत नाही, नातेवाईक आहेत तिथे स्वयंपाक करून निघेपर्यंत अकरा वाजतात आणि दफ्तर पाचच्या आत बंद होतं. मुलगा दोन मित्रांसोबत कुठेही पडतो. आईचा प्रश्न म्हणून मला अडाणीपणाचा वाटत नाही. तो व्यवहाराचा आहे आणि त्याला ‘आमच्या ऑफिसात राहील’ असं व्यवहाराचंच उत्तर हवं. नागपूर, अमरावती, पुणे, मुंबई इथल्या आपल्या गटांकडे एक सतरंजी आणि एक किल्ली एवढं देण्याइतकी जागा नक्की आहे. अत्याचारग्रस्त बाईला आपण रात्री-अपरात्री दार उघडतो. दफ्तर बघायला आलेल्या मुलीलाही उघडावं.

घरबसल्याही पुष्कळ होतं. राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ आहे, एशियाटिक सोसायटीची ‘ग्रंथसंजीवनी’ आहे, शासनाची जिल्हा गॅझेटिअर्स आणि साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तकं फुकट वाचता येतात. मोबाइल आता पुष्कळ मुलींच्या हातात आहे. पण सूच्या इंग्रजीत, जुन्या स्पेलिंगांत, आणि मोबाइलवर आलेला कागद मोडीत असेल तर पुढे काय? मोडी कारभारात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, पुण्याचं मंडळ घेतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. जुना कागद एकाएकी भाकरीचा प्रश्न झाला. या भाकरीची एक बाजू मात्र कुणी बोललं नाही. त्या सगळ्या शोधात वंशावळ बापाकडून बापाकडे जाते. आई, आजी, पणजी त्यात कुठेच नाहीत. टाकलेल्या बाईने एकटीने वाढवलेल्या लेकराचा दाखला काढायला गेलं की हे कागद भिंतीसारखे समोर येतात.

हाच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. आमच्याकडे जुना कागद म्हणजे शोभेची वस्तू नाही. वनहक्क कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून गॅझेटिअर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल चालतात आणि गावातल्या जुन्या माणसांचा लेखी जबाबही चालतो. दोघांच्या नावे पट्टा द्यायची तरतूद कायद्यात आहे. पोडावर जबाब घ्यायला माणसं येतात तेव्हा म्हाताऱ्यांना बोलावतात. म्हातारी बाजूला बसून असते. मोहाची, डिंकाची, पाण्याची वाट तिला अधिक माहीत. इतिहास शिकलेली एक मुलगी तिथे असली तर ती म्हातारीकडे वळेल आणि तिचं बोलणं पुरावा होईल अशा रीतीने लिहील. शेतकरी आत्महत्येच्या पंचनाम्यात बाईने जीव दिला तर ती ‘शेतकरी’ धरली जात नाही, कारण सातबारा तिच्या नावे नाही. पन्नास वर्षांनी कुणी हे दफ्तर उघडेल तेव्हा या जिल्ह्यात शेतकरी बाई नव्हतीच असं त्याला दिसेल. कारखान्याच्या अहवालात १९२० सालच्या जिनातल्या बाया निदान आकड्याने तरी आहेत. आजच्या बाया तेवढ्याही नसतील.

म्हणून काही कामं गटांनीच अंगावर घ्यावीत. तहसील आणि जिल्हा कचेरीतल्या अभिलेख कक्षात काय आहे याची यादी माहिती अधिकारात मागता येते. वीस वर्षांहून जुनी माहिती बहुतांशी द्यावीच लागते, असं कलम ८ मध्ये आहे. एका कचेरीत आम्हाला ‘उंदरांनी खाल्लं’ हे तोंडी उत्तर मिळालं. तेच लेखी मागितलं तेव्हा दोन कपाटं उघडली. आणि संघटनांच्या स्वतःच्या ट्रंकांचं काय? मोर्चांची पत्रकं, ‘बायजा’चे जुने अंक, शिबिरांच्या वह्या, तक्रार घेऊन आलेल्या बायकांचे अर्ज. पत्रकं आणि अंक ग्रंथालयाला द्यावेत. अर्जांचं तसं नाही, त्यांत बायकांची नावं आहेत, त्यांच्या संमतीशिवाय ते कुणालाही दाखवू नयेत, अगदी आपल्या आवडत्या विद्यार्थिनीलाही. मुलाखत घेतली तर तिची एक प्रत सांगणारीकडे राहावी आणि नको म्हणाली तर ती पुसावी. यावर गटांत मतभेद होतील, व्हायला हवेत.

आमच्या जिल्ह्यातल्या पाच-सहा मुली आणि दोन-तीन कार्यकर्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एकत्र बसतो. एकीने कारखान्यांच्या अहवालातले आकडे उतरवून आणले आहेत, एक मोडी शिकते आहे, एकीचं लग्न ठरलं आणि तिने सासरी जाताना टिपणांची वही सोबत नेली. येत्या उन्हाळ्यात यवतमाळला दहा दिवसांचा मोडी वर्ग व्हावा म्हणून पुराभिलेख संचालनालयाला पाठवायचा अर्ज तयार आहे. त्यावर जितक्या गटांच्या सह्या असतील तितकं बरं. नागपुरात ज्यांच्याकडे चार रात्री एका मुलीची सोय होऊ शकते, त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाकावं. जिनातल्या बायकांवर लिहिणारी मुलगी वेचणी संपली की निघायला तयार आहे.